मेंढीचा डबा

आयर्लंडमधला विद्यार्थी स्वतंत्र असतो तो फक्त सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी दुपारचं शेवटचं लेक्चर संपलं की गॉलवेचा बसस्टँड चाकांच्या बॅगांनी भरून जायचा. त्या बॅगांमध्ये पुस्तकं नसायची, मळके कपडे असायचे. आठवडाभर कुणाला न जुमानणारी सहा-सहा फुटी मुलं आईच्या वॉशिंग मशीनकडे निघालेली असायची. रविवारी संध्याकाळी हीच मुलं घडी घातलेले कपडे आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली कोंबडी घेऊन परत यायची. दोन हजार आठच्या सप्टेंबरात मी इंजिनिअरिंगला तिथे गेले, तेव्हा दर शुक्रवारी आईकडे पळणारी मी एकटीच निघणार आणि माझं हसं होणार, अशी मला धास्ती होती. पहिल्याच शुक्रवारी ती गेली. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

आमचं घर डब्लिनच्या दक्षिणेला होतं. बाबा चेरीवूडच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये होते. मी बारा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून आलो. आई पुण्यात बँकेत होती, पण इथे बाबांच्या मागून आल्यामुळे तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. कामाची सवय असलेल्या बाईला काम नाही म्हटल्यावर ती कशावर तुटून पडणार? स्वयंपाकावर आणि माझ्यावर. दिवाळीला आसपासच्या मराठी घरांना तिचा फराळ जायचा, उरलेलं वर्षभर तिच्या तावडीत मी होते. एकुलतं एक असण्याचे फायदे लोक सांगतात, तोटे माझ्याकडून ऐकावेत.

गॉलवेत मी एका मैत्रिणीबरोबर कॉलेजजवळच्या जुन्या घरात राहायचे. ती माझ्याच वर्गातली, मेयोतल्या एका शेतकऱ्याची मुलगी. मेयो हा गॉलवेच्या वरचा जिल्हा. मेंढ्या, पाऊस आणि फुटबॉलची फायनल हरणं यासाठी तो ओळखला जातो, असं तीच सांगायची. शंभरावर मुलांच्या वर्गात आम्ही मुली इतक्या थोड्या होतो की पहिल्या आठवड्यात एकमेकींना चिकटण्यावाचून इलाज नव्हता. घराच्या भिंतींना ओल होती, खिडकी बंद केली तरी वारा आत यायचा, आणि गरम पाण्याचं बटण चालू राहिलं तर घरमालक आधी बिलाबद्दल आणि मग देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलायचा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तरी ते घर मला फार आवडायचं. तिथे मला 'जेवलीस का' असं कुणी विचारत नव्हतं.

डब्याचं प्रकरण पहिल्याच महिन्यात सुरू झालं. मैत्रीण रविवारी घरून आली ती एक गोल पत्र्याचा डबा घेऊन. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावर मेंढीचं चित्र, मेंढीच्या एका कानाचा रंग उडालेला. आत तिच्या आईने केलेला ब्राउन ब्रेड होता. "आईने तुझ्यासाठी पाठवलाय," ती म्हणाली. "तू घरापासून लांब राहतेस म्हणून तिला वाईट वाटतं." मी घरापासून बसने तीन तासांवर होते आणि ती दोन, पण ब्रेड चांगला होता. दोन दिवसांत आम्ही तो लोणी लावून संपवला. शुक्रवारी मी डबा धुऊन तिला द्यायला गेले तर ती बाथरूममध्ये होती, माझी बस सुटत होती, म्हणून तो माझ्याच बॅगेत राहिला.

तेवढ्यावरून पुढचं सगळं घडलं. डब्लिनला आईने बॅग उपसली, डबा पाहिला आणि विचारलं, "हा कुणाचा?" मी सांगितलं. रविवारी डबा माझ्या बॅगेत परत आला तेव्हा त्यात चिवडा होता.

"अगं, त्यांनी डबा परत मागितलेला नाही," मी म्हटलं.

"म्हणून काय रिकामा देणार? शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. निदान चिमूटभर साखर तरी घालतात."

"शेजारचं? त्या मेयोत राहतात, आई."

"मग साखरेवर भागेल का? तू चिवडाच ने."

तो चिवडा मेयोला गेला. आईला हे ठाऊक नव्हतं की आयर्लंडमधल्या गावाकडच्या बायकांनाही रिकामं भांडं परत पाठवताना अगदी तसंच मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुढच्या रविवारी डबा आला तो सफरचंदाचा टार्ट घेऊन. आईने बेसनाचे लाडू भरले. तिकडून स्कोन नावाचे गोडसर पाव आले. इकडून शंकरपाळे गेले. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, एकमेकींचा आवाजही ऐकला नव्हता, आणि माघार घ्यायला कुणीच तयार नव्हतं. आम्ही दोघी मध्ये हमाल. मैत्रिणीने एकदा तिच्या आईला सांगून पाहिलं की आता पुरे. "तिच्या आईने थांबवलं की मी थांबवीन," असं उत्तर आलं. माझ्या आईचं उत्तर शब्दशः तेच होतं. माझी आई तिला 'मेयोवाली' म्हणायची. मैत्रिणीची आई कधीकधी लेकीला सोडायला गॉलवेच्या घरी यायची, तेव्हा मी त्या बाईला तोंडावर नावाने हाक मारायचे, कारण तिथे तीच पद्धत, पण हे आईला कळलं तेव्हा तिने कानावर हात ठेवले.

मधूनमधून आम्ही शिकतही होतो. पहिल्या वर्षी सगळ्या शाखा एकत्र होत्या आणि गणिताने सगळ्यांना सारखंच झोडपलं. मला आवडायचं ते वर्कशॉप. निळा डगला, पुढे लोखंड घातलेले जड बूट, लेथवर फिरणारा रॉड आणि त्यावरून सोलल्यासारखा निघणारा चकचकीत कीस. मला पहिल्यांदाच असं काही सापडलं होतं ज्यात मी आईच्या हाताखाली नव्हते. पुढे मी मेकॅनिकल घेतलं. मैत्रिणीनेही तेच घेतलं, कारण वडिलांच्या ट्रॅक्टरखाली झोपून तिचं अर्धं शिक्षण आधीच झालं होतं. प्रॅक्टिकल झालं की सगळी टोळी कॅन्टीनमध्ये चहा आणि चिप्स घेऊन बसायची. एकजण प्रयोगाचे आकडे सांगायचा, बाकीचे त्यावर भांडायचे. बुधवारी पबमध्ये कुणीतरी फिडल वाजवायचं. मी ऑरेंज ज्यूस घेऊन बसायचे आणि तिथे धमालीला म्हणतात तो 'क्रेक' म्हणजे नक्की काय याचा अभ्यास करायचे. दारू लागत नाही, गप्पा लागतात, असा माझा निष्कर्ष होता. तो बरोबर होता की नाही, हे सांगण्याच्या स्थितीत त्या टेबलावर दुसरं कुणी नसायचं.

जानेवारीत मेयोहून कडवट संत्र्यांचा मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला मुरांबा, आला. घरी केलेला, बरणी डब्यात बसवलेली. आमच्या घरात नवीन गोडधोड आलं की आधी देवापुढे जातं. त्या दिवशी संकष्टी होती. आईने वाटीत मार्मालेड काढला, गणपतीपुढे ठेवला, आरती केली. चंद्रोदय झाल्यावर उपास सोडताना बाबांनी पोळीला लावून पहिला घास घेतला आणि थांबले. मग परत एक घास घेतला. "यात व्हिस्की आहे," ते म्हणाले. आई म्हणाली काहीतरीच. मी मेयोला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, "हो, आहे ना, आई चांगली घसघशीत घालते, का गं?" आईने देवाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "या थंडीत त्यालाही बरं वाटलं असेल." आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. पण डबा भरलाच, आणि त्यात लसणाची सुकी चटणी घातली, मला वाटतं थोडी मुद्दाम तिखट.

ती चटणी मैत्रिणीच्या वडिलांनी उकडलेल्या बटाट्यावर, लोण्यावर भुरभुरून खाल्ली आणि त्यानंतर ते तिच्याशिवाय बटाट्याला हात लावेनासे झाले. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याला बटाटा कसा खावा हे पुण्याच्या बाईने शिकवलं, हे आई पुढे वर्षभर फोनवर सगळ्या नातेवाइकांना ऐकवत होती.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, एका शनिवारी, जेवायला बसल्यावर बाबांनी सांगितलं की त्यांचं ऑफिस बंद होतंय. मंदी सगळीकडेच होती. वर्गातल्या निम्म्या मुलांचे भाऊ बांधकामांवरून घरी बसले होते किंवा ऑस्ट्रेलियाला निघाले होते. बाबांनी ग्रँड कॅनाल डॉकच्या मोठ्या कंपन्यांत ओळखीच्यांकडे विचारून पाहिलं, पण तेव्हा जो तो आपली खुर्ची घट्ट धरून बसला होता. कंपनी त्यांना पुण्याच्या ऑफिसात घ्यायला तयार होती. जूनमध्ये परत जायचं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तूही," आई म्हणाली. "बाबांनी चौकशी केलीय. पुण्यात तिसऱ्या वर्षाला घेतील."

बाबा ताटाकडे बघत म्हणाले की ती इथे राहिली तरी फी आणि व्हिसा यांची सोय ते लावू शकतात, त्याची अडचण नाही. म्हणजे अडचण आईची होती.

"मी येणार नाही," मी म्हटलं.

"तिथेही न्यूटनचे नियम तेच आहेत."

"नियमांसाठी नाही राहायचं मला."

"मग कशासाठी?"

वर्कशॉप, तो वारा, बुधवारची टोळी, ओल आलेली खोली, यातलं काहीही आईसमोर उच्चारलं असतं तर ते फुसकं वाटलं असतं. मी एवढंच म्हटलं की मला तिथे आवडतं. आई म्हणाली, "आवडतं म्हणे. ताप आला तर कोण बघणार? तुला एका माणसाचा भात लावता येत नाही. दर रविवारी मी डबे भरून देते म्हणून जगतेस." आणि ते खरं होतं, म्हणून मी जास्त चिडले. मी ताट ढकलून उठले. त्या रविवारी आम्ही बोललो नाही, पण मेंढीचा डबा काठोकाठ भरलेला होता. आईचा राग असाच असतो. तो वजनात येतो.

हिवाळाभर हे भांडण चालू राहिलं. मी दर शुक्रवारी नवीन मुद्दा घेऊन जायचे आणि रविवारी करंज्या घेऊन यायचे. खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. आईबाबा नसलेल्या देशात राहायचं म्हणजे शुक्रवारी बसस्टँड रिकामा होणार आणि मी त्या ओलसर घरात बसणार, हे मला दिसत होतं. पण आईपुढे ते कबूल करणं म्हणजे पुण्याचं तिकीट स्वतःच काढल्यासारखं होतं.

त्या वर्षीचा आमचा गटप्रकल्प होता एक छोटी पवनचक्की. वारा वापरून दिवा लावायचा. गॉलवेत वाऱ्याला तोटा नव्हता, उलट तो जरा कमी करून मिळाला असता तर बरं झालं असतं. आमच्या गटात मी, मैत्रीण आणि तीन मुलं होती. पाती मी बनवली होती, फायबरची, वर्कशॉपमध्ये घासून घासून, आणि त्यांच्यावर माझा फार जीव होता. चाचणी सॉल्टहिलला, समुद्रालगतच्या फरसबंदीवर, एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी ठरली.

नेमकी त्याच दिवशी आई गॉलवेला आली. तुझं घर कसं आहे ते एकदा बघून जाते, असं तिने फोनवर सांगितलं होतं. बसमधून ती उतरली तेव्हा तिच्याबरोबर आमच्या घरातली सगळ्यात मोठी सुटकेस होती आणि ती एका बोटाने उचलता येत होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. ती माझं सामान न्यायला आली होती.

"चाचणी झाल्यावर बोलू," मी म्हटलं आणि तिला तशीच सुटकेससकट सॉल्टहिलला नेलं.

तिथे मैत्रिणीची आई उभी होती. गुडघा दाखवायला ती सकाळी गॉलवेच्या हॉस्पिटलात आली होती, आणि तिथून मुलीला घेऊन गाडीने मेयोला परतणार होती. ठेंगणी, लाल गालांची, मोठा रेनकोट घातलेली बाई. दोघी आया एकमेकींसमोर आल्या. दीड वर्ष एकमेकींना खाऊ घातल्यावर ही पहिली भेट. मला वाटलं आता काहीतरी होईल. आईने बॅगेतून मेंढीचा डबा काढून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "अहो, कशाला उगाच त्रास घेतलात?" आणि झाकण उघडून तिथेच एक चकली तोंडात टाकली.

मग वारा सुटला. म्हणजे तो होताच, आता शेफारला. आमचा खांब तीन दोरांनी ताणून धरायचा होता, आणि दोन दोर धरणारी मुलं हातमोजे आणायला गेली होती. मी ओरडले, "कुणीतरी दोर धरा!" मेयोच्या बाईने डबा खाली ठेवला आणि एक दोर धरला. माझ्या आईने सुटकेस आडवी टाकली, तिच्यावर पाय ठेवला आणि दुसरा धरला. पाती फिरायला लागली. मी मधोमध गुडघ्यावर बसून तारा जोडत होते आणि सगळ्यांवर ओरडत होते, त्यात दोघी आयाही आल्या. "ढिला सोडू नका! आई, मागे हो! अजून मागे!" आई चक्क माझं ऐकून मागे झाली. दिवा लागला. छान लागला, पिवळा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एक मोठा झोत आला, माझं एक पातं सुटलं, मैत्रिणीच्या आईच्या डोक्यावरून गेलं आणि अटलांटिक महासागरात पडलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. चाचणी घ्यायला आलेले सर हसत हसत जवळ आले, म्हणाले, दिवा लागलेला मी पाहिलाय, पातं कसं सुटलं त्याचं कारण लिहून आणा, गुण देतो. मला रडू येत होतं. आई दोर धरून तशीच उभी होती. "अगं, सोड आता," मी म्हटलं, तेव्हा तिने सोडला.

भिजून सगळ्या घरी आलो. स्वयंपाकघरात चहा कुणी करायचा यावर दोघी आयांमध्ये लगेच झटापट झाली. घर दोघींपैकी एकीचंही नव्हतं, तरी दोघींना दुसरी पाहुणी वाटत होती. शेवटी मेयोच्या बाईने किटली ठेवली आणि माझ्या आईने आलं किसलं. मी आणि मैत्रीण कोपऱ्यात ओले मोजे काढत बसलो होतो. कप कुठे आहेत हे मी सांगायच्या आत मैत्रिणीच्या आईने बरोबर ते कपाट उघडलं. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. "कप या प्रेसमध्ये," ती माझ्या आईला म्हणाली, "तुमच्या मुलीचे डाळ-तांदूळ त्या प्रेसमध्ये. तांदूळ संपत आलेत."

आईने ते कपाट उघडून पाहिलं. तांदूळ खरंच संपत आले होते.

"तुम्ही जूनमध्ये जाणार असं ऐकलं," ती बाई म्हणाली.

"हो. आम्ही तिघंही," आई म्हणाली. आणि मग, परक्या माणसाला सांगावं तसं, जे तिने मला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "लोकांची मुलं आईला सोडून जातात. इथे मीच तिला सोडून जायची वेळ आलीय. माझ्याच्याने नाही होत."

किटलीचं बटण टक्कन बंद झालं. मेयोच्या बाईने चहा ओतला.

"माझा थोरला जानेवारीत पर्थला गेला," ती म्हणाली. "गवंडीकाम करतो. बरा आहे म्हणतो. फोनवर ग्रँड, ग्रँड, सगळं ग्रँड. पण त्याच्या घरात कुठल्या प्रेसमध्ये काय ठेवलंय, मला माहीत नाही. त्याला तिथे कुणी ब्रेड देतं का, माहीत नाही. तुमच्या या पोरीचं मला सगळं माहीत आहे. तुम्ही न्या तिला, आई आहात तुम्ही. पण इथे तिचं कुणी नाही असं समजून नेऊ नका."

आईने चहात आलं जास्त झालंय का असं विचारलं. मेयोची बाई म्हणाली, मस्त झालाय, आणि डोळे पुसले. ते आल्यामुळे असेलही.

संध्याकाळी आई बसने परत गेली. सुटकेस भरलेली होती. तिच्यात माझा एक जाड कोट होता, आणि बाकी सगळे मेयोचे बटाटे आणि रूबार्बच्या लाल आंबट देठांची मोळी. मैत्रिणीच्या आईच्या गाडीत ते तयारच होते. मी विचारलं, "आई, मग काय ठरलं?" ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' असतं. त्या आठवड्यात तिने रूबार्बचं लोणचं घातलं, अळूच्या देठांसारखं समजून, आणि ते बरं झालं. माझ्याबद्दल अवाक्षर नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. गॉलवेत वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. त्यातल्या एकीत मला आणि मैत्रिणीला उन्हाळ्याचं काम मिळालं आणि मी घरी न विचारता होकार कळवून टाकला. बाबांनी एजंटाकडे तीन तिकिटं धरून ठेवली होती. जूनच्या पहिल्या रविवारी, मी गॉलवेला परत निघाले तेव्हा डब्लिनच्या घरात खोकी भिंतीला लावलेली होती, देव कापडात गुंडाळून ठेवले होते, आणि बाबा सकाळपासून तिसऱ्यांदा आईला विचारत होते, "त्याला उद्या सांगायचंय. तिसऱ्या तिकिटाचं काय करू?" आई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. आधी मी चिडून बोलले, मग रडवेली होऊन बोलले, मग गप्प बसले. आई गॅसजवळ गेली नाही. त्या दिवशी घरात काही तळलं गेलं नाही, भाजलं गेलं नाही. माझी खात्री झाली की मी हरले.

बसस्टॉपवर बाबांनी बॅग उतरवली. आईने कापडी पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत मेंढीचा डबा होता, पण पिशवी हलकी लागली. मी डबा हलवला. आवाज आला नाही. मी झाकण उघडलं. डबा धुऊन, पुसून, कोरडा केलेला होता. आत काही नव्हतं. चिमूटभर साखरही नव्हती.

"आई, रिकामा आहे."

"हो."

"रिकामा कसा देऊ त्यांना?"

"रिकामा देऊ नकोसच," आई म्हणाली. "आता तू भर."

मला कळायला थोडा वेळ लागला. बाबांना आधी कळलं, त्यांनी खिशातून फोन काढला आणि जरा बाजूला जाऊन एजंटाला लावला. आई माझ्या बॅगेची चेन उगाच उघडून परत लावत होती. मी तिला मिठी मारली तर म्हणाली, "बस सुटेल." बस सुटायला वेळ होता.

दोन आठवड्यांनी ते गेले. एअरपोर्टवर मी रडले. आई रडली नाही, विमानात रडली, असं बाबांनी नंतर सांगितलं.

त्या आठवड्यात मी गॉलवेतल्या भारतीय दुकानातून पातळ पोहे आणले आणि कामावरून आल्यावर चिवडा करायला घेतला. आई पुण्याहून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होती, गॅस बारीक कर, आता दाणे घाल, आता ढवळ. मध्येच लाइन गेली. लाइन परत लागेपर्यंत दाणे काळे झाले होते आणि हळद जास्त पडली होती. दुसरं काही करायला घरात सामान नव्हतं. मी तोच चिवडा मेंढीच्या डब्यात भरला आणि मैत्रीण शुक्रवारी तो मेयोला घेऊन गेली.

रविवारी आईचा फोन आला. तिने 'जेवलीस का' विचारलं नाही.

"डबा दिलास?"

"दिला."

"काय भरलंस?"

"तोच चिवडा. आई, तो करपला होता गं."

"करपलेला दिलास त्यांना?" तिचा आवाज चढला. मी पुढच्या बोलण्याची वाट पाहत बसले. पुण्यात मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"मग काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

"काही नाही. सगळा संपवला. ब्रेड पाठवलाय, आणि तांदळाची पिशवी."

आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"असू दे मग," ती म्हणाली. "घरच्या माणसांना करपलेलं चालतं."